शहाजोग हुंडी आणि कार्डाचं मशीन

आपण कॉम्प्युटरवाले आहोत हे एकदा नातेवाईकांत पसरलं की प्रिंटरपासून पॅनकार्डापर्यंत सगळं आपल्याकडेच येतं. माझा एक मावसभाऊ अंबरनाथला फर्निचरचं छोटं दुकान चालवतो. माल बराचसा उल्हासनगरहून उचलतो, गिऱ्हाईक बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांमधलं. त्याचा प्रश्न असा, "दादा, क्रेडिट कार्डाचं मशीन घ्यायचंय. पाच कंपन्यांची पोरं येऊन गेली. सगळ्यात कमी टक्के कोण घेतं तेवढं सांग."

मला विचाराल तर टक्के सगळ्यात शेवटी विचारायचे. आणि हे मी इंजिनियर म्हणून नाही, तर आपल्या या तीन स्टेशनांच्या इतिहासाकडे बघून म्हणतोय.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. (रिक्षावाल्याला आपण आजही कॅम्प नंबर तीनच सांगतो, ती गोष्ट वेगळी.) ही माणसं घरदार सोडून आली, पण व्यापाराची एक जुनी रीत बरोबर घेऊन आली. सिंधमधलं शिकारपूर हे एकेकाळी सराफीचं मोठं ठाणं होतं. तिथल्या पेढ्यांच्या हुंड्या कंदाहार, बुखारापर्यंत चालत. क्लॉड मार्कोव्हिट्स या इतिहासकाराने सिंधच्या व्यापाऱ्यांवर २००० साली एक अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात बुखारापासून पनामापर्यंतचा पसारा दिसतो. कॅम्पात आलेले सगळे काही सराफ नव्हते, पण हुंडी म्हणजे काय हे बाजारात बसणाऱ्याला सांगावं लागत नसे. मुंबईत तर हेच शिकारपुरी सराफ "मुलतानी" नावाने ओळखले जात आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं छोट्या व्यापाऱ्यांना नव्वद दिवसांच्या मुदती हुंडीवर पैसे देत.

आता गंमत बघा. आज कार्डाच्या धंद्यात ज्या गोष्टींना इंग्रजी नावं आहेत, त्या बहुतेक सगळ्या हुंडीत होत्या. व्यवहारामागे कापले जाणारे पैसे म्हणजे हुंडणावळ. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघे ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे देऊन झालेली हुंडी म्हणजे खोका! (सध्याच्या राजकारणातले खोके वेगळे.) आणि या सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे शहाजोग हुंडी.

शहाजोग म्हणजे "शहा"लाच देय. हुंडी घेऊन कोणीही सोम्यागोम्या आला तर त्याला पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या माणसानेच ती सादर करायची. का? कारण पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाने ते व्याजासकट परत करायचे, नाहीतर आपल्याला हुंडी देणारा माणूस आणून उभा करायचा. म्हणजे कागदावर विश्वास नव्हताच. विश्वास होता तो गडबड झाल्यावर पळून न जाणाऱ्या माणसावर. सरकारी कायदाही यात फारसा पडला नाही. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्या बाजाराच्या रिवाजावरच सोडल्या.

अमेरिकेत हाच धडा नव्याने शिकावा लागला. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं न मागता पोस्टाने वाटली. पुढे थकबाकी आणि फसवणुकीने बँकेचे हात चांगलेच पोळले. याच कार्डाचं १९७६ मध्ये "व्हिसा" झालं. तोवर जी व्यवस्था बसली ती अशी: कार्डवाल्याची एक बँक, दुकानदाराची एक बँक आणि मधे नेटवर्क. दुकानदार खरा आहे याची हमी त्याच्या बँकेने द्यायची. दुकानदार गायब झाला तर भुर्दंड त्या बँकेला. झाला की नाही आपला शहा? भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली सेंट्रलकार्ड आणलं तेव्हा हीच पद्धत आली.

बदलापूरचं नाव म्हणे इथे घोडे बदलायचे त्यावरून पडलं. खरंखोटं सोडा, पण कार्डाचा व्यवहार असाच घोडे बदलत जातो: मशीन, दुकानदाराची बँक, नेटवर्क, कार्डवाल्याची बँक. गेल्या काही वर्षांत या वाटेवर आणखी एक घोडा आलाय, पेमेंट ॲग्रीगेटर. म्हणजे हजारो दुकानांच्या वतीने उभा राहणारा एकच शहा. छोट्या दुकानाला तो सोयीचा, कागदपत्रं कमी, दोन दिवसांत मशीन हातात. पण हजारो दुकानांची जोखीम डोक्यावर असल्याने संशय आला की तो आधी पैसे अडवतो आणि मग प्रश्न विचारतो.

मावसभावाच्या शेजारच्या दुकानदाराचं तसंच झालं. दिवाळीत एकदम मोठी विक्री झाली, कंपनीच्या कॉम्प्युटरला ती "असामान्य" वाटली, आणि पैसे तीन आठवडे अडकले. फोनवर रोज नवा माणूस. कारखानदाराला मात्र चेक ठरल्या दिवशी द्यायचा होता.

आता हिशोब करा. ४०,००० रुपयांच्या सोफ्यावर २ टक्के म्हणजे ८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ९४४. दुसरा १.६ टक्के म्हणतोय, त्याचे होतात साधारण ७५५. फरक १८९ रुपयांचा. आणि अडकले तर ४०,००० अडकतात!

म्हणून मी मावसभावाला प्रश्नांचा क्रम बदलून दिला. पहिला: करारावर नाव कोणाचं? पोराच्या टी-शर्टवरचं नाव नाही, करारावरचं. ती बँक आहे का, नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत ॲग्रीगेटरच्या यादीत आहे का? यादी त्यांच्या साइटवर फुकट बघता येते. दुसरा: मधल्या काळात पैसे कुठे असतात? मार्च २०२०च्या नियमांनी ऑनलाइन ॲग्रीगेटरना दुकानदारांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायला लावले, सप्टेंबर २०२५च्या नियमांनी दुकानातल्या मशीनवाल्यांनाही त्याच चौकटीत आणलं. तिसरा: गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली तर उत्तराला किती दिवस आणि पुरावा कोणता? फर्निचरवाल्याने डिलिव्हरी चलानवर सही घेतलीच पाहिजे. चौथा: पैसे अडले तर कोणाकडे जायचं, नाव आणि पत्ता. पाचवा: टक्के, मशीनचं भाडं, आणि मशीन परत करताना काय कापणार.

शिवाय पैसे जमा होणारं खातं कुठे आहे तेही बघा. ३१ जानेवारी २०२४ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, १५ मार्चनंतर तिथल्या खात्यात नवी जमा बंद झाली. ज्यांचा क्यूआर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता त्यांचं काम चालू राहिलं, ज्यांचं खातं तिथेच होतं त्यांना धावपळ करून दुसरं शोधावं लागलं. काचेवरचं स्टिकर दोघांचं सारखंच होतं.

आता "शहाजोग" हा शब्द आपण टोमणा म्हणून वापरतो, वरवर सभ्यपणाचा आव आणणाऱ्याला. हुंडीच्या बाजारात मात्र तो शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत वगैरे, जुनी हुंडी असेल तर उलटून मागची बाजू बघा. ज्यांच्या हातांतून ती गेली, त्यांची नावं तिथे ओळीने सापडतील.