सही खरी की खोटी?

आमच्या महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक विद्यार्थी मध्यंतरी घरी आला. पिशवीतून त्याने फडक्यात बांधलेली एक लहानशी वही काढली. ती त्याच्या आजोबांची स्वाक्षऱ्यांची वही. एका पानावर 'मो. क. गांधी' अशी सही, आणि खाली आजोबांच्या अक्षरात 'पाचगणी, जुलै १९४४'. घरात आजारपण निघालेले, पैशाची नड. वही विकावी तर घेणारा म्हणतो, आधी कुणा जाणत्याकडून खात्री करून आणा. "सर, तुम्ही इतिहासाचे. एवढंच सांगा, ही खरी का खोटी?"

इतिहासाच्या मास्तराला सही पाहताच खरेखोटे कळते, अशी लोकांची एक गोड समजूत आहे. मी आपला भिंग घेऊन बसलो.

भिंगातून काही गोष्टी दिसतात, नाही असे नाही. छापलेली सही आणि शाईने केलेली सही यांतला फरक तर सहज कळतो. शाई कागदात मुरते, रेघेवर रेघ आली की तिथे दाट होते. खरी सही माणूस झरझर करतो, त्यामुळे शेवटची रेघ निमुळती होत जाते. नक्कल करणारा अक्षर लिहीत नाही, चितारतो. मग हात कापतो, मध्येच थबकतो, आणि थबकला तिथे ठिपका उमटतो. आणखी एक गंमत अशी, की एकाच माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. अमेरिकेत १८६८ साली निकाल लागलेल्या हॉवलंड मृत्युपत्राच्या खटल्यात बेंजामिन पियर्स या गणितज्ञाची साक्ष झाली होती ती हीच: या सह्या फार जुळतात, म्हणूनच त्यांचा संशय घ्यावा! पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या कचेरीत तर सही करणारे यंत्रच होते. त्याने केलेल्या सह्या मात्र एकीवर एक ठेवल्या तर बसतात.

आणि आमचे गांधीजी? ते उजवा हात दुखला की डाव्याने लिहीत. आता अक्षराचे वळण कशाशी ताडून पाहायचे, सांगा!

पण वळण हुबेहूब जुळले, तरी तेवढ्यावर का विसंबू नये, हे पाहायचे तर सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या लंडन शहरात जायला हवे. तिथे नॉरफोक स्ट्रीटवर सॅम्युएल आयर्लंड नावाचे गृहस्थ राहत. जुन्या वस्तूंचा नाद, आणि शेक्सपिअर म्हणजे दैवत. शेक्सपिअरची एक सही मिळाली तर घरातली पुस्तके देऊन टाकीन, असे ते मुलाबाळांदेखत म्हणत. मुलगा विल्यम हेन्री एकोणीस वर्षांचा, वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करणारा. बापाच्या लेखी मुलगा मंदबुद्धीच होता. १७९४ च्या डिसेंबरात या मुलाने बापाच्या हाती एक जुना दस्तऐवज ठेवला. त्यावर शेक्सपिअरची सही!

सही जुळली, यात नवल ते काय? छापील पुस्तकातल्या खऱ्या सहीवरूनच पोराने ती गिरवली होती. चर्मपत्र कचेरीतल्या जुन्या कागदपत्रांतून कापलेले, म्हणजे अस्सल. मोहोरही जुनी, दुसऱ्या दस्तावरून काढून चिकटवलेली. शाई बुकबाइंडराकडून आणलेली. लिहून विस्तवापाशी धरली की तपकिरी व्हायची. एकेक वस्तू तपासा, जुनीच निघायची.

मग कागदांचा पूर आला. पत्रे आली, कवीच्या केसांची बट आली, नाटकाची हस्तलिखिते आली. जॉन्सनचा चरित्रकार बॉझवेल १७९५ मध्ये या कागदांपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने त्यांचे चुंबन घेतले. एकदा मात्र पोर सापडतच होते. शेक्सपिअरचा सोबती नट जॉन हेमिंग याची खरी सही शेजारच्या वकिलाला मिळाली, आणि ती विल्यमच्या कागदावरच्या सहीशी मुळीच जुळेना. पोराने ती नीट पाहून घेतली, कचेरीत धाव घेतली आणि तासाभरात नवी पावती आणली. तिच्यावरची सही बरोबर जुळली! म्हणे हेमिंग दोन होते, एक उंच आणि एक ठेंगू. लोकांनी तेही मानले.

हे कागद आले कुठून? कुणा श्रीमंत गृहस्थाच्या पेटीतून. नाव सांगायचे नाही, असे वचन दिलेले. इतक्या विद्वानांनी शाई हुंगली, पण ती पेटी न पाहताच त्यांच्यातल्या पुष्कळांनी कागद खरे मानले. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत खटकते.

डाव मोडला तो एडमंड मलोन या पंडिताने. त्याने अस्सल कागद हाताळलेच नव्हते. आयर्लंडनी छापलेल्या प्रतिकृती पाहूनच त्याने चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. राणी एलिझाबेथचे म्हणून जे पत्र होते, त्यात लेस्टरचा अर्ल हयात, आणि ग्लोब नाटकगृहही उभे! लेस्टर वारला १५८८ मध्ये. ग्लोब बांधले १५९९ मध्ये. ३१ मार्च १७९६ ला ग्रंथ निघाला. २ एप्रिलला ड्रुरी लेनमध्ये शेक्सपिअरचे 'नवे' नाटक 'व्हॉर्टिजर्न' लागले आणि प्रेक्षकांच्या हशात बुडाले. मुलाने कबुली दिली. बापाने ती मानली नाही. एवढे लिहायची या मुलाची अक्कल नाही, असेच ते १८०० साली मरेपर्यंत समजत राहिले. लोक मात्र बापालाच लबाड म्हणत. पुढे विल्यमने पोटासाठी आपल्याच नकलांच्या नकला करून 'मूळ नकला' म्हणून विकल्या, हा त्यावर कळस.

आमच्याकडे वतनांच्या भांडणांत बनावट शिक्क्यांचे कागद काही थोडे झाले नाहीत. राजवाडे गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरले, त्यांनाही कागदाइतकेच तो कोणाच्या घरी निघाला हे महत्त्वाचे होते.

म्हणून मी भिंग ठेवले आणि वही उलगडू लागलो. गांधीजी मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटले आणि जुलैत पाचगणीला विश्रांतीसाठी होते. म्हणजे तारीख बसते. पण ते तर कुणालाही पुस्तकात वाचायला मिळेल. मागच्या पानावर पेन्सिलीने प्रवासखर्च मांडला होता: मोटारभाडे, केळी, आणि 'हरिजन फंड ५ रु.' सही मागणाऱ्याकडून गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत, हे प्रसिद्धच आहे.

"हे हिशेब तुझ्या आजोबांच्याच हातचे का रे?" मी विचारले.

"तसंच वाटतं, सर."

"त्यांच्या हातचं दुसरं काही घरी आहे? पत्र, डायरी? आणि त्यांच्याबरोबर पाचगणीला कोण गेलं होतं?"

त्याला ठाऊक नव्हते. घरी नव्वदीची आजी आहे, तिला या गोष्टी अजून आठवतात, पण आजवर तिला कुणी विचारलेच नव्हते. त्याने वही पुन्हा फडक्यात बांधली आणि, "विचारून येतो, सर," म्हणून उठला.