‘निवेदन’ आणि निवेदक : आत्मपरिचयाच्या इतिहासातील एक प्रकरण

मनुष्यास स्वतःविषयी जे ज्ञान असते ते इतर सर्व ज्ञानापेक्षा अधिक निश्चित असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शेजाऱ्याच्या मनातील गोष्ट आपणांस तर्काने ओळखावी लागते. स्वतःच्या मनातील गोष्ट मात्र आपण प्रत्यक्ष पाहतो, असे आपणांस वाटते. आत्मचरित्राची प्रतिष्ठा याच समजुतीवर उभी आहे. एखाद्या थोर पुरुषाने अमुक कृत्य का केले असा प्रश्न वर्गात निघाला, की आम्ही शिक्षक त्याचे आत्मचरित्र उघडतो व त्याने दिलेले कारण वाचून दाखवितो. तेवढ्याने प्रश्न मिटतो. तो खरोखरच मिटतो काय, याचा विचार एका मराठी ग्रंथाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

हा ग्रंथ म्हणजे धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ होय. कोसंबींचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. लहान वयात विवाह. घरच्या बागायतीची देखरेख हाच व्यवसाय. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले व १९०२ मध्ये तेथे त्यांनी दीक्षा घेतली. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा ५० रुपयांचे साह्य दिले. १९१० मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी गेले. आणि १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. याच सुमारास त्यांनी आपली हकीकत लिहावयास घेतली. ती प्रथम गोव्यातील ‘भारत’ पत्रात क्रमशः आली व १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

गोव्यात असताना वि. कों. ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र कोसंबींच्या वाचनात आले, आणि पुढील सर्व प्रवासाचे बीज वाचकांस तेथेच दिसते. मुलांसाठी लिहिलेली काही पाने आणि त्यांतून उद्भवलेले सात वर्षांचे देशाटन! कथा म्हणून हा दुवा विलक्षण आहे. परंतु येथे दोन कोसंबी आहेत, हे विसरता कामा नये. मासिक वाचणारा एक उदास, अस्वस्थ तरुण. आणि त्या वाचनाचे स्मरण लिहून काढणारा पाली भाषेचा मान्यताप्राप्त अध्यापक. त्या तरुणाने मासिकांतून व पुस्तकांतून आणखी बरेच काही वाचले असेल. त्यांतील हीच पाने बीज ठरली, कारण तोवर वृक्ष वाढून उभा राहिला होता. बीज कोणते, हे फळ आल्यावरच सांगता येते.

मानसशास्त्राने या प्रश्नाचा विचार निरनिराळ्या काळी केला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ असा भेद केला, आणि मनुष्यास ओळखणारी जितकी माणसे तितकी त्याची सामाजिक रूपे, असे प्रतिपादन केले. जेम्स हार्वर्डचेच, कोसंबी तेथे गेले त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दाखवून दिले की, स्मरण ही साठवणीतून वस्तू बाहेर काढण्याची क्रिया नसून प्रत्येक वेळी नव्याने केलेली रचना असते. त्यांनी लोकांस एक अपरिचित लोककथा वाचावयास दिली. काही काळाने ती सांगताना प्रत्येकाने तिला आपल्या परिचयाच्या साच्यात बसविले. १९७७ मध्ये निस्बेट व विल्सन यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी वर्णिलेल्या एका प्रयोगात गिऱ्हाइकांपुढे पायमोज्यांचे अगदी एकसारखे चार जोड मांडून उत्तम कोणता ते विचारले. उजवीकडचा शेवटचा जोड सर्वाधिक लोकांनी निवडला. निवडीची कारणे विचारली असता जागेचा उल्लेख कोणीच केला नाही; जागेमुळे तर निवड झाली नसेल ना, असे सुचविताच बहुतेकांनी ते नाकारले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्या कृतीचे कारण त्यांस दिसत नव्हते. जे पटण्याजोगे वाटले ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

कोसंबींस हे सर्व अगदीच अपरिचित वाटले असते, असे नाही. ज्या ‘विसुद्धिमग्गा’वर त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली, त्या पाचव्या शतकातील ग्रंथाची शिकवणच अशी की, चाके, आस, दांडी यांच्या जुळणीस जसे रथ हे नाव द्यावे, तसेच पंचस्कंधांच्या जुळणीस ‘मी’ हे नाव देतात. त्यांपलीकडे शोधू गेल्यास काही हाती लागत नाही. असा ग्रंथ अभ्यासणाऱ्याने स्वतःचे चरित्र लिहावे, यात काहींस विसंगती वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. ग्रंथाचे नावच पाहा. निवेदन कोणापुढे तरी करावयाचे असते. ऐकणाऱ्यावाचून ते पुरे होत नाही. आमच्या परंपरेत आत्मनिवेदन ही नववी भक्ती आहे, आणि ‘दासबोधा’त ती सांगताना समर्थांनी ‘मी कोण’ हा प्रश्नच पुढे ठेवला आहे.

मग आत्मचरित्राची साक्ष टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. मात्र तिचे भाग वेगळे केले पाहिजेत. कोसंबी अमुक साली अमुक ठिकाणी होते, ही घटना. ती इतर साधनांशी ताडून पाहता येते. त्यांस उदासीनता वाटत होती, हा अनुभव. त्याचा सर्वांत जवळचा साक्षी तेच. परंतु अमुक वाचनामुळे अमुक घडले, हा कार्यकारणसंबंध म्हणजे अनुमान होय, आणि अनुमान करताना लेखकास आपल्यापेक्षा फारसा अधिक अधिकार नसतो.

हा विवेक केवळ पांडित्याचा नाही. १८९९ मध्ये कोसंबींनी घर सोडले तेव्हा मागे पत्नी व लहान मुलगी होती. घर सोडण्याचे कारण कोसंबींच्या शब्दांत आपण वाचतो. बाळाबाईंनी त्याचा कोणता अर्थ लावला, हे सांगणारे त्यांचे निवेदन आपल्या हाती नाही. ज्ञानतृष्णा हे एकमेव कारण म्हणून आपण वर्गात शिकवितो, तेव्हा त्या घरातील दुसरी साक्ष न ऐकताच निकाल देतो. याच्या उलट रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या नावात त्यांनी ‘माझ्या’ न म्हणता ‘आमच्या आयुष्यातील’ असे म्हटले. त्या एका सर्वनामात आत्मपरिचयाचे एक निराळेच शास्त्र आहे. स्वतःस ओळखावयाचे तर ज्यांच्या सहवासात आपण घडलो त्यांच्यासह ओळखावे, असे ते शास्त्र सांगते. त्या ‘आमच्या’तही एकाचा आवाज दुसऱ्याच्या सावलीत जाण्याचा धोका आहेच, तथापि दुसरा कोणी तेथे होता, एवढे तरी ते विसरू देत नाही.

तेव्हा आम्हां अध्यापकांस इतकेच सुचवावेसे वाटते : आत्मचरित्र वर्गात अवश्य वाचावे, श्रद्धेने वाचावे, परंतु ‘त्यांनी असे का केले’ या प्रश्नास लेखकाचे उत्तर देऊन थांबू नये. हे उत्तर त्यांनी केव्हा दिले, कोणास दिले, आणि त्या वेळी त्या घरात आणखी कोण होते, हेही विद्यार्थ्यांस विचारू द्यावे. त्यामुळे कोसंबींची थोरवी उणी होत नाही. ‘मी’ या नावाखाली काय काय जुळून आले आहे ते तपासा, हीच तर त्यांनी आयुष्यभर अभ्यासलेली शिकवण होती.