जुनी मारुती 800 किंवा अल्टो घेताय? आधी काय तपासावं, दुरुस्तीला किती खर्च येतो

परतूर : सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की तालुक्यात जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात. पन्नास-साठ हजारांत चारचाकी दारात उभी राहते. पण गाडीची किंमत वेगळी आणि गाडी रस्त्यावर ठेवण्याची किंमत वेगळी. हा हिशोब बहुतेक जण सौदा झाल्यावर करतात. म्हणून ही माहिती.

ही गाडी एवढी का चालते?

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. अल्टो 2000 साली आली. दोन्हींना 796 सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. एप्रिल 2010 पासून प्रदूषणाच्या नव्या नियमांमुळे 800 ची विक्री 13 मोठ्या शहरांत बंद झाली, पुढची विक्री बाकीच्या भागातच राहिली. त्यामुळे आपल्याकडे या गाड्या अजून दिसतात. सामान स्वस्त, आणि कोणत्याही मिस्त्रीला काम येतं. वजनाला हलकी असल्यानं चिखलात रुतली तर चार जण ढकलून काढतात.

नेहमीचे बिघाड आणि अंदाजे खर्च

(खर्च मजुरीसह, साध्या गॅरेजचा अंदाज. सामान ओरिजनल की लोकल यावर कमी-जास्त होतो.)

1. इंजिन गरम होणं : रेडिएटर गाळानं भरतो, पंखा किंवा त्याचा स्विच जातो, पाइप फुगतात. रेडिएटर बदलायला 2,000 ते 3,500. तशीच गरम गाडी पळवली तर हेड गॅस्केट जातं, मग 4,000 ते 7,000.

2. ऑइल जळणं : सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले. पूर्ण इंजिन खोलायचं झालं तर 20,000 ते 35,000. सर्वात महाग काम हेच.

3. क्लच : चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. प्लेटचा सेट 3,000 ते 5,000.

4. टायमिंग बेल्ट : तुटला की गाडी जागेवर बंद. कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर आधी बदलून घ्या. 1,500 ते 2,500.

5. एक्सल आणि सस्पेन्शन : पूर्ण वळण घेताना पुढून कटकट आवाज आला तर एक्सल जॉइंट गेला. रबरी बूट फाटून आत माती गेल्यावर हे होतं. बूट वेळेवर बदलला तर 1,000 च्या आत, एक्सल बदलायचा तर 3,000 ते 5,000. आपल्या पाणंद रस्त्यांनी शॉकअप आणि बॉल जॉइंट लवकर जातात, त्याचे 5,000 ते 9,000 वेगळे.

6. पत्रा सडणं : पायाखालचं मॅट उचलून बघा. नवा रंग पाहून भुलू नका. तळाला पत्रा मारायला 4,000 ते 10,000.

7. पेट्रोलची लाइन : आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसा-मक्याचं इथेनॉल, पण या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं कमी होतं, रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. वास आला तर लगेच पाइप बदला, हा आगीचा प्रश्न आहे.

बॅटरी 3,500 ते 4,500 आणि टायर प्रत्येकी 2,200 ते 3,000, हेही सौद्याआधीच बघा.

तपासताना

गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवली आहे, गार झाल्यावर परत या. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग नको. ऑइलचं झाकण काढून बघा, आत चहासारखा फेस नको. सेल्फ एकदाच मारून गाडी चालू झाली पाहिजे. मग किमान दहा किलोमीटर चालवा आणि गरमचा काटा बघा.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा "पाणी थोडं कमी होतं, बाकी मस्त" असं सांगितलं गेलं. मी हसून सोडून दिलं. पुढं रात्री घरातल्या पेशंटला जालन्याला नेताना वाटूर फाट्याच्या अलीकडं गाडीनं वाफ सोडली. एका टेम्पोवाल्यानं पेशंटला पुढं नेलं म्हणून निभावलं. दोन हजारांचं काम टाळलं होतं.

कागदपत्रं

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कारची फी 5,000 रुपये, 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10,000. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लागते, कारला 745 रुपये अधिक जीएसटी.

नमुना 29 आणि 30 वर सही घेऊन गाडी लगेच नावावर करा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं : गाडी नावावरून उतरली नाही तर अपघाताची नोटीस तुमच्याच घरी येते. थर्ड पार्टी विमा नसेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

हिशोब

60 हजारांची गाडी घ्यायची तर खिशात 90 हजार असावेत. वरचे 30 हजार पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर एक हंगाम थांबा. आणि बघायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्या, त्याला दिलेले पाचशे रुपये वाया जात नाहीत.