कानसेनांची बखर

तानसेन होतां आलें नाहीं तर निदान कानसेन व्हावें, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यांत थोडा विनोद आहे आणि कानसेनाविषयीं थोडी दयाहि आहे. संगीताचे इतिहास बहुधा याच दयाबुद्धीनें लिहिले जातात. त्यांत गायक येतो, वादक येतो, आश्रयदाता येतो, ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी येते. पण मैफल संपल्यावर वाटेंत मित्राशीं कडाडून भांडणारा आणि दुसऱ्या दिवशीं परगांवच्या स्नेह्याला सगळी हकीकत पत्रानें कळविणारा श्रोता त्यांत कोठेंच दिसत नाहीं. जाझ या अमेरिकन संगीताची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याच्या इतिहासाचीं पहिलीं पानें या भांडणाऱ्या आणि पत्रें लिहिणाऱ्या श्रोत्यानेंच लिहिलीं.

सन १९७३ च्या शरद् ऋतूंत अमेरिकेंत ‘हेड हंटर्स’ नांवाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ती काढणारा हर्बी हॅन्कॉक हा शिकागोचा पियानोवादक. वयाच्या अकराव्या वर्षीं त्यानें शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर मोत्सार्टची रचना वाजविली होती, आणि १९६३ पासून पांच वर्षें तो माइल्स डेव्हिसच्या विख्यात पंचकांत होता. अशा मनुष्यानें आतां विजेवर चालणारीं वाद्यें जवळ केलीं आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नृत्यगृहांत घुमणारी ‘फंक’ नांवाची लय उचलली. जाझमध्यें धून एकदां सांगून झाली म्हणजे वादक तिच्यावर स्वतंत्र विस्तार करतो. ख्यालिया बंदिशीचा करतो, तसाच. फंकमध्यें खर्जांतला एक लहानसा तुकडा पुनःपुनः येत राहतो, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर जोराचा ठोसा बसतो, आणि ऐकणाराचे पाय त्याला न विचारतां हलूं लागतात. या दोहोंचा संगम म्हणजे जाझ-फंक. ‘हेड हंटर्स’मध्यें अवघ्या चार रचना आहेत. पहिलीचें नांव ‘कमीलिअन’, म्हणजे रंग पालटणारा सरडा. ती पंधरा मिनिटांहून अधिक चालते. दुसरी ‘वॉटरमेलन मॅन’ ही हॅन्कॉकनें १९६२ मध्यें बसविलेलीच रचना. पण आतां तिच्या आरंभीं बिल समर्स हा वादक मध्य आफ्रिकेंतील वनवासी लोकांच्या पद्धतीनें चक्क बिअरच्या बाटलींत फुंकर घालतो. या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

तो खपच पुष्कळांच्या डोळ्यांत खुपला. ज्यांनीं आयुष्यभर जाझवर प्रेम केलें, त्यांना हा अधःपात वाटला. कलावंत बाजारांत बसला, असा आरोप झाला. डोनल्ड बर्ड हा जुन्या वळणाचा नामांकित ट्रंपेटवादक. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत तो शिकवीत असे, आणि त्यानें आपल्या विद्यार्थ्यांचा ‘ब्लॅकबर्ड्स’ नांवाचा वृंद काढला. त्याच्या ‘ब्लॅक बर्ड’ या १९७३ च्या तबकडीनें ‘ब्लू नोट’ कंपनीचे तोंवरचे विक्रीचे सारे उच्चांक मोडले. टीकाकारांनीं तिला झोडपण्यांतहि तितकाच उत्साह दाखविला. उलट पक्षीं, जाझचें नांवहि न घेणारे हजारों तरुण याच तबकड्यांच्या वाटेनें जाझच्या अंगणांत आले. १९३४ पासून शिकागोहून निघणाऱ्या ‘डाउन बीट’ या नियतकालिकांत वाचकांच्या पत्रांचें एक सदर असे. त्याच्या नांवाचा अर्थ ‘संवादी आणि विवादी’ असा कांहींसा होतो. जाझच्या श्रोतृवर्गाचें याहून नेमकें वर्णन करणें कठीण आहे.

परंतु या भांडणाचें मूळ १९७३ मध्यें नाहीं. तें शोधण्यासाठीं जाझची पहिली तबकडी निघाली त्या काळापर्यंत मागें जावें लागतें.

ती तबकडी १९१७ मध्यें निघाली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अशा हजारों तबकड्या जगभर गेल्या. परंतु त्यांवरील कागदी चकतीवर रचनेचें नांव आणि वृंदाचें नांव यांखेरीज सहसा कांहीं छापलेलें नसे. वृंदाचें नांवहि पुष्कळदां खोटें असे. एकच वृंद निरनिराळ्या कंपन्यांसाठीं निरनिराळ्या नांवांनीं वाजवी. लंडन वा पॅरिस येथील एखाद्या विद्यार्थ्याला त्या तबकडींतील ट्रंपेट ऐकून वेड लागावें, आणि ती कोणी वाजविली हें मात्र जगांत कोणीहि सांगूं नये, अशी अवस्था होती. पडद्याआडच्या गवयाला आवाजावरून ओळखावें, तसें हे श्रोते वादकांना फुंकीवरून ओळखूं लागले. एकाचा तर्क दुसऱ्याला पटेना, म्हणून ते एकत्र बसूं लागले. पॅरिसमध्यें १९३२ सालीं विद्यार्थ्यांच्या उत्साहांतून ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही संस्था निघाली. पुढच्याच वर्षीं लंडनमध्यें पहिला ‘रिदम क्लब’ सुरू झाला. ग्रामोफोनवर तबकडी लावावी, वादक ओळखावा आणि मग मनसोक्त वाद घालावा, असा या मंडळांचा परिपाठ असे.

पॅरिसच्या संस्थेचीं दोन माणसें पुढें प्रसिद्धीस आलीं. ह्यूग पानासिये हा अध्यक्ष. ठाम मतांचा आणि धारदार लेखणीचा. शार्ल दलोने हा त्याचा सहकारी. रोबेर आणि सोनिया दलोने या नामांकित चित्रकार दांपत्याचा मुलगा. पानासियेनें १९३४ मध्यें जाझवर ग्रंथ लिहिला आणि युरोपभर त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊं लागला. दलोनेनें १९३६ मध्यें जें पुस्तक काढलें त्यांत मतें जवळजवळ नव्हतींच. त्यांत होत्या केवळ याद्या: कोणती तबकडी, कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवीं मुद्रित झाली, आणि तींत कोणतें वाद्य कोणीं वाजविलें. वादकांना गांठून आणि देशोदेशींच्या दर्दी लोकांच्या कानांवर भरंवसा ठेवून ही माहिती जमविलेली होती. ज्या कंपन्यांनीं त्या तबकड्या विकल्या, त्यांनीं ही माहिती गिऱ्हाइकांना कधींच दिली नव्हती. न्यू यॉर्कमध्येंहि मिल्ट गेबलर या दुकानदारानें जुन्या तबकड्या पुन्हां काढल्या, तेव्हां वादकांचीं नांवें चकतीवर छापण्याचा पायंडा पाडला.

मतांची आणि माहितीची ही जोडी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पानासियेनें आपल्या पहिल्या ग्रंथांत गोऱ्या वादकांना फाजील महत्त्व दिलें होतें, कारण प्रथम त्यांच्याच तबकड्या त्याच्या हातीं आल्या होत्या. पुढें १९४२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें ही चूक उघडपणें कबूल केली. कोणीं काय वाजविलें हें कळल्यावांचून कोणाला किती मान द्यावा हें ठरत नाहीं, हा धडा त्यानेंच घालून दिला.

इतक्यांत या छंदाची खरी परीक्षा पाहणारा काळ आला. जर्मनीच्या नभोवाणीवर १९३५ च्या ऑक्टोबरमध्येंच जाझला बंदी झाली होती. हांबुर्गमध्यें अमेरिकन ढंगाच्या तबकड्या लावून नाचणाऱ्या तरुण-तरुणींपैकीं तीनशेंहून अधिकांना १९४१ च्या ऑगस्टमध्यें पकडण्यांत आलें. पुढच्या जानेवारींत हिमलरनें त्यांच्या म्होरक्यांना छळछावणींत धाडण्याचा लेखी आदेश दिला, आणि त्यांच्यापैकीं कित्येकांना खरोखरच धाडण्यांत आलें. एखादी तबकडी आवडणें हा गुन्हा ठरला होता.

अशा दिवसांतहि बातम्यांची देवघेव थांबली नाहीं. डीट्रिख शुल्त्स-क्योन हा जर्मन विमानदलांतील अधिकारी हॉट क्लबचा जुना स्नेही. पॅरिसमध्यें १९४२ सालीं घेतलेलें एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यांत हा अधिकारी पूर्ण गणवेषांत उभा आहे, आणि त्याच्या शेजारीं जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट, चार कृष्णवर्णीय वादक आणि एक ज्यू आहे. त्याच्या सरकारच्या लेखीं त्या सर्वांना जगण्याचा अधिकारहि नव्हता किंवा असला तर फारच थोडा होता. याच मनुष्यानें १९४३ च्या सुमारास बर्लिनच्या मित्रांसह जाझविषयक बातमीपत्रें टंकलिखित करून आघाडीवरील दर्दी सैनिकांना धाडलीं. त्याच्या अंगावरील गणवेष त्यामुळें निर्मळ होत नाहीं. पण ज्या राज्यांत ऐकणें धोक्याचें होतें तेथें ऐकलेलें दुसऱ्याला कळविल्यावांचून माणसाला राहवलें नाहीं, याची ती साक्ष आहे.

पॅरिसमध्यें दलोने याहून पुढें गेला. जाझवर व्याख्यानें देण्याच्या आणि मैफली भरविण्याच्या निमित्तानें तो गांवोगांव हिंडे आणि त्या हिंडण्याचा उपयोग जर्मनांविरुद्ध गुप्त कार्य करणाऱ्यांना होई. रू शाप्ताल या रस्त्यावरील क्लबच्या कचेरीवर १९४३ च्या ऑक्टोबरमध्यें गेस्टापोनें छापा घातला. दलोने सुमारें महिनाभर तुरुंगांत होता, दैवानें सुटला. त्याच वर्षीं त्याच्या सूचीची नवी आवृत्तिहि निघाली, हें विशेष.

युद्ध संपलें आणि जे छळानें फुटले नव्हते ते मतानें फुटले. डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या ‘बीबॉप’ या नव्या शैलीच्या तबकड्या पॅरिसला पोंचल्या. दलोनेला त्यांत जाझचें पुढचें पाऊल दिसलें. पानासियेनें तें जाझच नव्हे असें जाहीर केलें. १९४७ मध्यें क्लब दुभंगला. जुन्यांना नव्यांनीं ‘बुरशी चढलेलीं अंजिरें’ म्हटलें, तर जुन्यांनीं नव्यांना ‘आंबट द्राक्षें’ ठरविलें. घराण्यांच्या भांडणांत मुरलेल्या आपल्या कानांना यांत अपरिचित असें कांहीं वाटणार नाहीं. १९४८ च्या फेब्रुवारींत गिलेस्पीचा वृंद पॅरिसच्या साल प्लेयेलमध्यें वाजला, आणि पुढें बीबॉप हेंच अस्सल जाझ होऊन बसलें.

म्हणजे १९७३ मध्यें ज्यांनीं हॅन्कॉक आणि बर्ड यांना बाजारबसवे म्हटलें, ते ज्या संगीताचा कैवार घेऊन बोलत होते त्यालाच एका पिढीपूर्वीं पानासियेनें पंक्तीबाहेर बसविलें होतें. मत एका पिढीचें असतें. तें तिच्याबरोबर म्हातारें होतें.

जाझ-फंकला खरा थारा मिळाला तो इंग्लंडांतील सामान्य तरुणांच्या मंडळांत. अमेरिकेहून आयात होणाऱ्या तबकड्या महाग आणि दुर्मिळ. म्हणून कोणत्या दुकानांत कोणती आली, कोणत्या नृत्यगृहांत ती वाजली, तीवर ड्रम कोणाचा आहे, या बातम्यांना सोन्याचें मोल असे. १९७९ च्या एप्रिलमध्यें नॉर्फक किनाऱ्यावरील केस्टर येथें या दर्दी लोकांचा पहिला मेळा भरला. त्याच सुमारास लंडनमध्यें मॉरिशसहून आलेल्या ब्लुई मॉनिकनें ‘इन्कॉग्निटो’ हा वृंद काढला, आणि आइल ऑफ वाइट बेटावरील तरुणांच्या पुढाकारानें ‘लेव्हल ४२’ उभा राहिला. परदेशी तबकड्या ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांनीं आतां वाद्यें हातीं घेतलीं होतीं. म्हणीचा क्रम उलटला. कानसेनांतून तानसेन निघाले.

मुंबईंतहि हें घडलें आहे. ताजमहाल हॉटेलांत १९३५ पासून अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांचे वृंद वाजत आणि त्यांच्या सहवासांत गोमंतकीय वादक तयार होत. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनीं १९५२ मध्यें ‘ब्लू रिदम’ हें जाझला वाहिलेलें नियतकालिक काढलें. पुढें १९७८ मध्यें अशाच रसिकांच्या खटपटीनें रंगभवनांत पहिली ‘जाझ यात्रा’ भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांना समोर बसून ऐकतां आला. पंढरीच्या वाटेवरचा हा शब्द जाझला कोणी लावावा, यांतच त्या रसिकांची निष्ठा दिसते.

आणि निवाडा काय झाला? पुढील काळांतील हिप-हॉपवाल्यांनीं हॅन्कॉक, बर्ड आणि ब्लॅकबर्ड्स यांच्या तबकड्यांतील तुकडे कापून आपल्या रचनांत बसविले. ऐकणारांना पुन्हां तोच जुना प्रश्न पडला: हें वाजवितो कोण? पुन्हां तेच शोध, त्याच याद्या, तीच भांडणें. ज्या बर्डला झोडपलें होतें, त्याला १९९३ मध्यें गुरु या हिप-हॉप कलावंतानें आपल्या ‘जाझमटाझ’ या ध्वनिमुद्रिकेवर मानानें वाजवावयास बोलाविलें. ‘हेड हंटर्स’ला अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानें २००७ सालच्या यादींत राष्ट्रीय ठेव्याचें स्थान दिलें.

पानासियेचे निवाडे पुष्कळसे विरून गेले. दलोनेच्या याद्यांवर मात्र पुढच्या सूचीकारांनीं आपलीं घरें बांधलीं. तरीहि पानासियेला मोडींत काढणें अन्यायाचें होईल. प्रेमानें तापलेलें मत नसतें, तर त्या याद्या जुळविण्याचे श्रम कोणीं घेतले असते? भांडणाची ऊब होती म्हणून माहितीचें बीज रुजलें. ज्या वादकांचीं नांवें छापण्याची तसदी व्यापाऱ्यांनीं घेतली नाहीं, त्यांचीं नांवें जगांत राहिलीं तीं या लोकांनीं एकमेकांना कळविलीं म्हणून. तानसेन गाऊन निघून जातो. तो येथें गाऊन गेला, हें सांगण्याला मागें कानसेन उरावा लागतो.