निळे काँक्रीट : ऊर्जाबचतीच्या एका साधनाचा इतिहास

बांधकामद्रव्याचे गुण कारखान्यात मोजता येतात. त्याचे दोष मात्र पुष्कळदा घरात माणसे राहावयास गेल्यानंतरच उमगतात. स्वीडनमधील ‘निळे काँक्रीट’ हे याचे बोधप्रद उदाहरण होय. इंधनाची बचत हा हेतू त्याच्या जन्माच्या मुळाशी होता, आणि पुढे त्याच हेतूने त्याचा धोकाही वाढविला.

पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये लाकूड व इंधन काटकसरीने वापरणे अगत्याचे झाले. लाकडाप्रमाणे ऊब राखणारे, परंतु न जळणारे व न कुजणारे द्रव्य हवे होते. वास्तुविशारद योहान आक्सेल एरिक्सन यांनी स्टॉकहोमच्या रॉयल तंत्रसंस्थेत या दिशेने प्रयोग केले व १९२४ साली आपल्या कृतीचे एकस्व मिळविले. चुना व सिलिकायुक्त भुकटी यांच्या पातळ मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घातली असता हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रण आंबलेल्या पिठाप्रमाणे फुगते. ते घट्ट होऊ लागताच कापून, बंद पात्रात उच्च दाबाची वाफ देऊन पक्के करतात. या ठोकळ्यांचे वजन घनमीटरास साधारणतः ४०० ते ८०० किलोग्रॅम, म्हणजे भाजलेल्या विटेच्या निम्म्याहून कमीच भरते. आणि छिद्रांत कोंडलेली हवा उष्णतेस सहज वाट देत नाही.

इक्सहुल्ट येथे १९२९ साली कारखानदारी उत्पादन सुरू झाले. ‘इटोंग’ हे व्यापारी नाव गावाचे आद्याक्षर आणि काँक्रीटवाचक ‘बेटोंग’ शब्दाचा अंत्यभाग यांच्या संयोगाने सिद्ध झाले. तेथे कच्चा माल म्हणून स्थानिक शेल खडक निवडला गेला. त्यात सेंद्रिय द्रव्य मुबलक असल्याने चुनखडी भाजण्यास तो स्वतःच इंधन पुरवी. ठोकळ्यांची निळसर छटाही त्याचीच. परंतु त्याच खडकात युरेनियम होते. सेंद्रिय भाग जळून गेला, तरी युरेनियम व त्यापासून उद्भवणारे रेडियम राखेत, आणि राखेतून भिंतीत उतरले. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निघतो. त्याच्या विघटनातून निर्माण होणारे कण श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका वाढतो.

बेंग्ट हुल्टक्विस्ट यांनी स्वीडनमधील घरांतील किरणोत्सर्गाची मोजमापे १९५६ साली प्रसिद्ध केली. तथापि निळ्या काँक्रीटचे उत्पादन १९७५ पर्यंत चालूच राहिले. दरम्यान १९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णता वाचविण्यासाठी घरांच्या फटी बुजविण्यात आल्या व हवेचे अभिसरण मंदावले. पूर्वी बाहेर निघून जाणारा वायू आता खोलीतच साचू लागला. भिंत तीच होती. घराची हवा बदलली होती.

यावरून सच्छिद्र काँक्रीटच सदोष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. सिमेंट व वाळू वापरणाऱ्या ‘सिपोरेक्स’ या दुसऱ्या स्वीडिश प्रकारात शेल नव्हता. हे नाव पुढे महाराष्ट्रातील गवंड्यांच्या बोलीत अशा ठोकळ्यांचे सामान्यनामच होऊन बसले. भारतात या ठोकळ्यांसाठी औष्णिक वीजकेंद्रांतील राख मोठ्या प्रमाणावर वापरतात. राखेचा असा उपयोग सर्वथा इष्ट होय; परंतु कोळशाच्या राखेतही नैसर्गिक किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे अंश असतात. म्हणून उष्णतारोधनाच्या आकड्याबरोबर कच्च्या मालाची परीक्षा आणि खोलीतील वायुवीजन यांचाही विचार व्हावयास हवा. स्वीडनमध्ये या तीन गोष्टींचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला गेला; त्याची किंमत मात्र घरात राहणाऱ्यांना एकत्र चुकवावी लागली.