खिळ्याविना नाव : मद्रासची मसुला

१/ १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीला मद्रासची जागा मिळाली, परंतु त्या किनाऱ्याला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगरली जात. तेथून किनाऱ्यापर्यंत येण्यासाठी फुटत्या लाटांचे पट्टे ओलांडावे लागत.

२/ युरोपीय जहाजांवरील खिळेबंद होड्यांचा या लाटांपुढे निभाव लागत नसे. म्हणून बडा अधिकारी असो वा साधा शिपाई, स्थानिक नावाड्यांच्या ‘मसुला’ होडीत बसूनच त्याला मद्रासच्या भूमीवर उतरावे लागे. या होडीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून दोरीने शिवलेल्या असत.

३/ ही शिवण कशी असे? फळ्या कडेला कड भिडवून त्यांच्या काठाने ओळीत भोके पाडली जात. सांध्यावर काथ्याचा किंवा वाळल्या गवताचा जाड थर ठेवून त्यावरून काथ्याची दोरी घट्ट आवळली जाई. दोरीमुळे फळ्या एकत्र राहत आणि दाबलेला थर पाणी अडवी. मजबुती आणि जलरोधन ही दोन्ही कामे एकाच टाक्यात साधत.

४/ मसुलेत फासळ्यांचा ताठर सांगाडा नसे. होडी वाळूवर आदळली की खिळ्याभोवतीचे लाकूड चिरते. शिवलेली होडी मात्र किंचित लवते आणि धक्का अनेक टाक्यांत वाटला जातो.

५/ काथ्याच का? नारळाची सोडणे अनेक महिने पाण्यात कुजवून काढलेला हा तंतू खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ टिकतो. शिवाय लाकूड भिजून फुगले की सांधे अधिकच घट्ट बसतात.

६/ या लवचिकतेची किंमतही होती. पाणी थोडेफार झिरपतच राही आणि ते सतत उपसावे लागे. दोरी झिजली की शिवण उसवून होडी नव्याने शिवावी लागे.

७/ शिवलेल्या नौका अरबी समुद्रातही होत्या. होर्मुझला त्या पाहून मार्को पोलोने त्यांना वाईट आणि धोकादायक ठरवले. चौदाव्या शतकातील इब्न बतूताने मात्र नेमके मर्म टिपले : खडकावर आपटल्यास खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले लवचिकतेमुळे वाचते. लोखंड येथे पूर्वापार ज्ञात होते. म्हणून या शिवणीला केवळ अज्ञान म्हणून निकालात काढता येत नाही.

८/ गोव्यात बांधलेली शिवलेली नौका ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. तिचा आकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून घेतला गेला, पण टाका कसा घालावा हे चित्र सांगत नाही. ते केरळच्या कारागिरांच्या हातांना ठाऊक होते. ते हात उरले नसते, तर अजिंठ्याचे जहाज भिंतीवरच राहिले असते.