इंग्लिश स्पार्कलिंग वाइन : आस्वाद कसा घ्यावा?

स्पार्कलिंग वाइन म्हटले, की फ्रान्समधील शॅम्पेनचेच नाव ओठांवर येते. मात्र वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याच्या पद्धतीची एक जुनी लेखी नोंद इंग्लंडमधील आहे. ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने डिसेंबर १६६२मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात तसा उल्लेख आढळतो. शॅम्पेनशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते दों पेरिन्यों ओव्हिलेच्या मठात १६६८मध्ये दाखल झाले. कोळशाच्या भट्टीत बनणाऱ्या इंग्लिश बाटल्यांची भक्कम काच आतील वायूचा दाब सोसू शकत असे. अर्थात, त्या काळी ही वाइन आयात केलेली असे. दर्जेदार स्पार्कलिंग वाइनसाठी इंग्लंडमधील द्राक्षांचा बोलबाला व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

वेस्ट ससेक्समधील नायटिंबर येथे १९८८मध्ये शॅम्पेनच्याच शार्दोने, पिनो न्वार आणि पिनो मनिए या जातींची लागवड सुरू झाली. ससेक्स, केंट व हॅम्पशायरमधील अनेक मळे ज्या पांढऱ्या, खडूसारख्या चुनखडीवर उभे आहेत, त्याच प्रकारची चुनखडी शॅम्पेन प्रांतातही आहे. २०१०मध्ये ससेक्समधील रिजव्ह्यूच्या वाइनने 'डिकँटर'च्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्कृष्ट स्पार्कलिंग वाइनचा मान मिळवला, तर २०१५मध्ये तातांजे या शॅम्पेन उत्पादकाने केंटमध्ये जमीन घेतली.

या वाइनचे दुसरे किण्वन बाटलीतच होते. यीस्ट व साखर घालून बाटली बंद केली, की तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वाइनमध्ये विरघळतो आणि आतील दाब वातावरणाच्या सुमारे ५ ते ६ पट होतो. मृत यीस्टच्या साक्यावर वाइन जितकी अधिक काळ मुरते, तितका तिला भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा गंध येतो. पुढे साका काढून टाकला जातो आणि चवीच्या समतोलासाठी थोडी साखर मिसळली जाते. 'ब्रूट' वाइनमध्ये साखरेचे प्रमाण लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असते.

आस्वादासाठी वाइन ८ ते १० अंश सेल्सियसपर्यंत थंड असावी. त्याहून थंड वाइनचा गंध दबून राहतो. बूच घट्ट धरून बाटली हलकेच फिरवावी. आवाज मोठा न होता नुसता सुस्कारा यावा. उथळ पेल्यापेक्षा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास चांगला, कारण त्यात गंध एकवटतो. ग्लासात साबणाचा अंश उरल्यास फेस लगेच विरतो.

प्रथम बुडबुडे पाहावेत. ते बारीक आणि सातत्याने वर येणारे असावेत. मग गंध घ्यावा : हिरवे सफरचंद, लिंबू, रानफुले आणि मुरलेल्या वाइनमध्ये भाजलेला पाव, बदाम. शेवटी घोट जिभेवर घोळवावा. थंड हवेत द्राक्षे सावकाश पिकतात, त्यामुळे धारदार आंबटपणा हे इंग्लिश वाइनचे खास लक्षण. तो फळाच्या चवीने तोलला गेला आहे का आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, यावर दर्जा जोखावा. मासे, शिंपले आणि खारट तळलेल्या पदार्थांबरोबर ही वाइन खुलते.

लेबल वाचताना एक भेद ध्यानी ठेवावा. 'इंग्लिश वाइन' ही इंग्लंडमध्ये पिकलेल्या द्राक्षांची असते, तर 'ब्रिटिश वाइन' आयात केलेल्या द्राक्षरसापासूनही बनते. लेबलवरील वर्षही महत्त्वाचे, कारण वसंतातील हिमतुषार आणि उन्हाळ्यातील पाऊस पीक बुडवू शकतात. २०१२मध्ये द्राक्षे अपेक्षित दर्जाची न उतरल्याने नायटिंबरने त्या वर्षी वाइनच केली नाही. ग्लासातील प्रत्येक बुडबुड्यामागे हवामानाशी खेळलेला असा जुगार असतो. तो जाणून घोट घेतला, तर आस्वाद अधिक डोळस होतो.